युरिक ॲसिड वाढलं म्हणून वरण बंद करू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून मुलाने वडिलांबद्दल विचारलं आहे. वय ५६, कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. दोन वर्षांपासून उजव्या पायाचा अंगठा मधूनमधून सुजतो, लाल होतो, चार-पाच दिवस खाट सुटत नाही. तपासणीत युरिक ॲसिड ८.९ आलं. लोकांनी सांगितलं म्हणून तूर, चणा, पालक, वांगं, टमाटर, चिंच, दही असं सगळं बंद केलं. सहा महिने बटाटा, पोळी आणि भात. वजन घटलं, वखर धरायची ताकद राहिली नाही, पण अंगठा सुजायचा तो सुजतोच. बीपीची गोळी चालू आहे. दुखलं की गावातल्या डॉक्टरकडून सुई घेतात. अधूनमधून 'थोडी' घेतात, असंही मोकळेपणाने लिहिलं आहे. विचारणं एवढंच की बाबांनी आता खायचं तरी काय?

आधी जे बंद केलं आहे ते सुरू करा. तुरीचं वरण, मुगाची डाळ, चून-भाकर, पालक, वांग्याचं भरीत, टमाटर, अंबाडीची भाजी, ताक. यातल्या कशानेही वडिलांचा अंगठा सुजलेला नाही. सुजण्याची खरी कारणं तुमच्या पत्रातच आहेत, फक्त ती बंद करायच्या यादीत आलेली नाहीत.

हे नीट कळायला थोडं मागे जावं लागेल. प्युरिन नावाचं द्रव्य आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीत असतं. पेशी जुन्या होतात, मोडतात, आणि त्यातून युरिक ॲसिड तयार होतं. शरीरात येणाऱ्या युरिक ॲसिडपैकी साधारण दोन तृतीयांश हे असं घरचंच असतं, ताटातून येतं ते एक तृतीयांश. बाहेर टाकायचं काम मुख्यतः किडनीचं, काही आतड्याचं. गाऊट म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधा सुजण्याचा हा आजार. त्याच्या बहुतेक रुग्णांमध्ये युरिक ॲसिड फार तयार होतं असं नसतं, किडनी ते पुरेसं बाहेर टाकत नाही, आणि हा कल बराचसा रक्तातून, म्हणजे आई-बापांकडून आलेला असतो. त्यामुळे "माझ्या जिभेने माझा घात केला" असं जे रुग्ण स्वतःला बोल लावतात ते पूर्ण खरं नाही.

रक्ताच्या एका डेसिलिटरमध्ये साधारण ६.८ मिलिग्रॅमपर्यंत युरिक ॲसिड विरघळून राहतं. त्यापुढे गेलं की साखरेचा घट्ट पाक थंड झाल्यावर कडेला जशी साखर धरते तसे त्याचे बारीक अणकुचीदार खडे सांध्यात धरू लागतात. पायाचा अंगठा शरीराच्या टोकाला, तुलनेने थंड, शिवाय दिवसभर त्याच्यावर जोर. म्हणून बहुतेकांना पहिला झटका अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यात येतो, आणि तोही रात्री. खडे वर्षानुवर्षं गुपचूप साठतात. एखाद्या रात्री शरीराच्या पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात आणि माणूस ओरडत उठतो. "चादरीचा पल्ला लागला तरी जीव जाते जी," असं एका म्हाताऱ्या रुग्णाने सांगितलं होतं. गाऊट ओळखायला याहून चांगलं वाक्य नाही.

आता डाळींचं. कोणत्या पदार्थात किती प्युरिन आहे याचे तक्ते फार जुने आहेत. त्यात डाळी, पालक, मटार, फुलकोबी, मश्रूम हे मांसाच्या शेजारी बसवलेले असत, कारण मोजलं होतं फक्त प्युरिन. ते खाणाऱ्या माणसाला पुढे गाऊट होतो का, हे कुणी पाहिलं नव्हतं. ते पाहिलं गेलं २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात. ४७ हजारांहून अधिक पुरुषांचं खाणंपिणं १२ वर्षं नोंदवलं. मांस आणि मासळी जास्त खाणाऱ्यांत गाऊट जास्त निघाला. दूध-दही खाणाऱ्यांत कमी निघाला. आणि प्युरिनवाल्या भाज्या, शेंगा, कडधान्यं खाणाऱ्यांत काहीच वाढ दिसली नाही. तो अभ्यास येऊन दोन दशकं झाली, तरी आपल्याकडच्या लॅबच्या रिपोर्टमागे छापलेल्या यादीत अजून तूरडाळ पहिली असते.

शिवाय त्या तक्त्यातले आकडे १०० ग्रॅम कोरड्या डाळीचे. आपल्या घरी एका वाटी वरणात कोरडी डाळ पडते जेमतेम २५-३० ग्रॅम. महिन्याच्या शेवटी तर वरणाचं पाणीच जास्त असतं. ज्या घरात मटण महिन्यातून एकदा, अंडी कधीतरी, दूध विकायला, तिथे वरण हेच काय ते प्रथिन. ते काढून घेतलं की माणूस बटाटा-पोळीवर येतो, दंडाचा गोळा उतरतो, आणि तुमच्या वडिलांचं झालं तसं होतं. यात मला राग येतो तो बायकांच्या बाबतीत. तिशी-पस्तिशीची, हातपाय दुखतात म्हणून आलेली बाई, युरिक ॲसिड ६.३, आणि तिची डाळ बंद. पाळी चालू असेपर्यंत बाईला गाऊट फार क्वचित होतो. त्या बाईचं हिमोग्लोबिन आधी बघायला हवं असतं.

आंबटाची भीतीही अशीच. चिंच, लिंबू, ताक, आंबील, अंबाडी. 'ॲसिड' म्हटलं म्हणजे आंबट, असा सरळ हिशोब लावलेला. लिंबाने लघवी उलट कमी आम्लधर्मी होते आणि युरिक ॲसिड बाहेर पडायला मदतच होते. ताकाबद्दल तर मी आग्रहच धरतो. दुधातली प्रथिनं किडनीतून युरिक ॲसिड बाहेर काढायला मदत करतात, आणि लोणी काढून घेतलेलं घरचं ताक म्हणजे आयतंच कमी चरबीचं. जेवताना एक गिलास, शेतातून आल्यावर एक. बीपी असल्याने मीठ बेताने.

एखाद्या रुग्णाला अनुभवाने ठाऊक असतं की टमाटर जास्त झालं की दुसऱ्या दिवशी ठणक लागते. त्याच्याशी मी वाद घालत नाही. त्याने तेवढं टाळावं. पण शेजाऱ्याला बाधलं म्हणून आपण सोडायचं, याला काही अर्थ नाही.

मग बाधतं काय? इथे जरा थांबून सांगतो, कारण घोटाळा इथेच होतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आपल्याकडे घराघरात मटण शिजतं. सकाळी हिस्सा येतो, आधी कलेजी वेगळी काढून तव्यावर परततात आणि ती ताटली घरच्या कर्त्या माणसापुढे जाते, बहुतेक वेळा पेल्यासोबत. दुपारी रस्सा. ज्याला गाऊट आहे तो बिचारा पथ्य पाळतो: "मी पीस नाही घेतले, फक्त रस्सा आणि भाकर." आणि तिसऱ्या दिवशी लंगडत दवाखान्यात. प्युरिन पाण्यात उतरतं. मांस उकळलं की त्यातला बराच भाग रश्श्यात येतो, आणि तासभर उकळलेला, आटलेला रस्सा दोन वाट्या प्यायला की पीस न खाण्याचं पुण्य वाहून जातं. पायाचं सूप, जे हाडं मजबूत होतात म्हणून खास सांधेदुखीवाल्याला पाजतात, त्याचंही तेच. खायचंच असेल तर उलटं करा: दोन-तीन पीस घ्या, रस्सा नावापुरता. घरी करताना मटण आधी वेगळं उकळून ते पहिलं पाणी टाकून दिलं तर प्युरिन आणखी कमी होतं. चवीला थोडा फरक पडेल, वऱ्हाडी मसाला तो सांभाळून घेतो.

सावजीबद्दल दर वेळी विचारतात. तिखटाने, काळ्या मसाल्याने, तर्रीने युरिक ॲसिड वाढत नाही. ॲसिडिटी होईल ती वेगळी. वाढतं ते आतल्या मटणाने, आणि सावजीत तर लोक रश्श्यासाठीच जातात.

सगळ्यात वाईट म्हणजे आतले अवयव. कलेजी, गुर्दा, भेजा, वजडी. १०० ग्रॅम कोंबडीच्या कलेजीत ३०० मिलिग्रॅमच्या वर प्युरिन असतं. याच्या शेजारी कोंबडीचं अंडं ठेवा: जवळजवळ शून्य. म्हणून अंडी बिनधास्त खा. मासळीत बारीक मासे, जे डोक्या-पोटासकट खाल्ले जातात, आणि सुकवलेली मासळी, सुकट, झिंगे, हे जड. भंडारा-गोंदियाकडच्या तलावांतला रोहू-कतला मधला, पंधरवड्यातून एकदा दोन तुकडे चालतील. पावसाळ्यात जंगलातून येणाऱ्या सात्या मश्रूमच असतात. त्या बंद करायचं कारण मला दिसत नाही, फक्त ओळखणाऱ्याने आणलेल्या असाव्यात.

दारू. वर्धा आणि गडचिरोली कागदावर दारूबंदीचे जिल्हे, बाकी ठिकाणी परवाना. रुग्णांच्या बोलण्यावरून मात्र जिल्हा ओळखता येत नाही. बिअर सगळ्यात वाईट, कारण तिच्यात दारूसोबत प्युरिनही असतं. पण "मी बिअर घेत नाही डाक्टर, मोहाची घेतो, झाडाची आहे ती" हा युक्तिवाद टिकत नाही. दारू कोणतीही असो, ती शरीरात युरिक ॲसिड वाढवते आणि किडनीतून बाहेर जाणं रोखते. शिवाय रात्री प्यायल्यावर लघवी जास्त होते, पाणी कुणी पीत नाही, पहाटे अंग कोरडं पडतं, आणि अंगठ्याला हेच हवं असतं. तुमच्या वडिलांच्या झटक्यांच्या तारखा आठवून बघा, आदल्या दिवशी काय होतं ते. कर, धुळवड, लग्न, कापसाचे पैसे आले तो दिवस. पुष्कळ घरांत हा हिशोब बायको आधीच करून बसलेली असते, तिला विचारलं की ती बोटावर मोजून सांगते. झटके येत आहेत तोवर दारू पूर्ण बंद. 'थोडी' हे माप मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

गोडाचं कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. साखरेतला अर्धा भाग फ्रुक्टोज असतो, आणि फ्रुक्टोज यकृतात मोडताना थेट युरिक ॲसिड बनवतो. ज्याने दारू सोडली तो लग्नात कोल्ड्रिंकच्या बाटलीवर येतो, दोन-दोन पितो, आणि आपण काही वावगं केलं नाही असं समजतो. रसवंतीवरचा उसाचा रस, डब्यातले ज्यूस, साखर घालून वाटीवर वाटी आमरस, हे त्याच ओळीत बसतात. आख्खं संत्रं खा, आंब्याची एखादी फोड खा, त्याने बिघडत नाही. रस काढून गिलासभर पिणं वेगळं आणि फळ चावून खाणं वेगळं. चहात साखर कमी करा. आपल्याकडे दिवसाला सहा कप होतात, प्रत्येकात दोन चमचे, आणि वर म्हणायचं की मी गोड खातच नाही.

पाणी हा मला सगळ्यात मोठा मुद्दा वाटतो. विदर्भाचा मे महिना, ४५-४६ अंश, नांगरून पडलेलं वावर, आणि माणूस सकाळी सहाला निघतो ते एक लिटरची बाटली घेऊन. तेंदूपत्ता तोडणारे तर पहाटे चारला जंगलात शिरतात. घामाने अंगातलं पाणी जातं, रक्त दाट होतं, काल ६.५ असलेलं युरिक ॲसिड खडे धरायच्या बेताला येतं. उन्हाळ्यात गाऊटचे झटके वाढतात ते यामुळेच. खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या त्या भागात, आणखी एक अडचण: पाणीच खारं, घशाखाली उतरत नाही, म्हणून लोक कमी पितात. तिथे मला किडनीचे त्रासही जास्त दिसतात.

किती प्यायचं? एरवी अडीच-तीन लिटर, उन्हात राबताना त्याहून जास्त. लिटर मोजत बसण्यापेक्षा लघवी बघा. फिकट पिवळी असेल तर ठीक. मोहरीच्या तेलासारखी गडद झाली की कमी पडतंय. झोपताना एक गिलास प्या, रात्री उठावं लागलं तरी. हृदय कमकुवत असलेल्याने किंवा किडनी बिघडलेल्याने मात्र पाण्याचं माप डॉक्टरांकडूनच घ्यावं, त्यांना जास्त पाणी बाधतं. आणि डाळीचं, फळांचं जे मी वर मोकळं सोडलं तेही किडनीच्या रुग्णाला तसंच्या तसं लागू नाही.

कडक उपासांबद्दलही सांगून टाकतो. पोट रिकामं राहिलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून निघणारे पदार्थ किडनीच्या दारात युरिक ॲसिडची वाट अडवतात. नवरात्राचे नऊ दिवस निराहार करणाऱ्याला पाचव्या-सहाव्या दिवशी झटका येतो तो याने. एकादशीला साबुदाणा, भगर, शेंगदाणे, दही खाऊन केलेल्या उपासाला हरकत नाही, फक्त पाणी सोडू नका. महिन्याभरात दहा किलो उतरवायच्या नादाचंही असंच. वजन जास्त असेल तर उतरायला हवंच, पण हळूहळू. वडिलांचं तर आधीच उतरलं आहे.

आता कडू गोष्ट. हे सगळं काटेकोर पाळलं तरी आहाराने युरिक ॲसिड साधारण एका अंकाने उतरतं. ८.९ चं ७.९ होईल. खडे विरघळायला ते ६ च्या खाली, आणि कानाच्या पाळीवर किंवा कोपरावर पांढऱ्या गाठी आल्या असतील तर ५ च्या खाली लागतं. म्हणजे दोन वर्षांत वारंवार झटके आलेल्या तुमच्या वडिलांना नुसत्या पथ्याने बरं करणं जमणार नाही. पथ्याने झटके कमी होतील, कमी औषध पुरेल, बीपी-शुगर सुधारेल. पण गोळी लागेल, आणि बहुधा कायमची लागेल. हे ऐकून लोक उठून जातात. बीपीची गोळी रोज घेणारा माणूस युरिक ॲसिडची रोज घ्यायला का बिचकतो, हे मला अजून उलगडलेलं नाही.

ती गोळी म्हणजे बहुधा ॲलोप्युरिनॉल. जुनी, स्वस्त, जनेरिकमध्ये मिळते. सुरुवात १०० मिलिग्रॅमने, किडनी कमजोर असेल तर ५० ने, मग दर काही आठवड्यांनी युरिक ॲसिड तपासत वाढवायची, ६ च्या खाली येईपर्यंत. कुणाला ३०० ला येतं, कुणाला जास्त लागतं. १०० वर सुरू करून वर्षभर १०० वरच ठेवलेले आणि "गोळीने फरक नाही" म्हणणारे रुग्ण पुष्कळ येतात. सुरुवातीच्या काही महिन्यांत एक विचित्र प्रकार होतो: साठलेले खडे सुटू लागले की झटके उलट वाढतात. लोकांना वाटतं गोळीनेच बाधलं, आणि ते ती सोडतात. म्हणून पहिले तीन ते सहा महिने सोबत कोल्चिसिनची छोटी मात्रा देतात, आणि एकदा चालू केलेली ॲलोप्युरिनॉल झटका आला तरी बंद करायची नसते. फक्त एका कारणाने ताबडतोब बंद: अंगावर पुरळ उठलं, तोंड आलं, डोळे लाल झाले, ताप आला तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना. हे क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं.

बीपीची कोणती गोळी चालू आहे ते बघा. पाकिटावर हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन लिहिलेलं असेल, म्हणजे ज्याला लोक पाण्याची गोळी म्हणतात, तर ती युरिक ॲसिड वाढवते. डॉक्टरांना सांगून बदलून घेता येईल. लोसार्टन बीपीसोबत युरिक ॲसिडही थोडं उतरवते. स्वतःच्या मनाने मात्र काही बंद करू नका. हृदयासाठी छोटी ॲस्पिरिन चालू असलेल्यांनाही हेच. तिने थोडं वाढतं, पण हृदय आधी. टीबीच्या उपचारातली पायराझिनामाइड हे तर युरिक ॲसिड वाढवणारं ठरलेलं औषध आहे. त्या काळात आकडा वर गेला म्हणून टीबीचा कोर्स सोडू नये.

झटका आल्यावर काय? पाय उशीवर उंच ठेवा, बर्फ किंवा गार पाण्याची घडी फडक्यातून लावा. शेक नको. गरम विटेने ठणक वाढते. औषध पहिल्या काही तासांत घेतलं तर सगळ्यात चांगलं लागू पडतं. कोल्चिसिन ०.५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या आणि तासाभराने एक, एवढ्यावर पहिला दिवस थांबतो. दर तासाला जुलाब लागेस्तोवर घ्यायची जुनी पद्धत आता मोडीत निघाली आहे. किडनी अधू असेल तर हेही कमी. कोल्चिसिन चालत नसेल तर काही दिवस स्टेरॉइडची गोळी, शुगर असेल तर लक्ष ठेवून. ही औषधं आधीच लिहून घेऊन घरात ठेवा. रात्री दोनला मेडिकल उघडं नसतं.

ती सुई. वेदनाशामक आणि स्टेरॉइड एकत्र करून देतात, दोन तासांत माणूस चालायला लागतो, म्हणून तिच्यावर भरवसा बसतो. युरिक ॲसिड तिने तसूभर उतरत नाही. एखाद वेळी ठीक. पण मे महिन्यात, अंगात पाणी नसताना, बीपी असताना वारंवार घेतलेल्या वेदनाशामकाने किडनी बसते, आणि किडनी बसली की युरिक ॲसिड बाहेर जायची वाटच बंद. बाजारात मिळणाऱ्या बिनलेबलच्या 'वाताच्या पुड्या' त्याहून वाईट. ज्या पुडीने दोन दिवसांत गुण येतो आणि महिन्याभरात गाल फुगतात तिच्यात स्टेरॉइड आहे असं समजा.

बिब्बा लावून आलेला पाय आजही दिसतो. आधीच तापलेली, ताणलेली कातडी, तिच्यावर बिब्ब्याचं तेल. दुसऱ्या दिवशी अंगठ्यावर टरटरून फोड, कडेने काळं, आणि शुगरवाला असेल तर महिनाभर ड्रेसिंग. आणखी एका गोष्टीची ताकीद देतो. कोल्चिसिन हे द्रव्य कळलावीच्या कंदात असतं, आणि कळलावी आपल्या जंगलात पावसाळ्यात लाल-पिवळ्या फुलांनी लक्षात येते. हे ऐकून कुणी कंद उगाळून पाजू नका. गोळीत अर्धा मिलिग्रॅम मोजलेला असतो, कंदात किती ते कुणालाच माहीत नसतं. त्या कंदाने माणसं दगावतात.

आणि मुळात हा गाऊटच आहे का? तुमच्या वर्णनावरून वाटतो तरी तसाच. पण रिपोर्टमध्ये ७.२ आलं, टाच दुखते, गुडघा कुरकुरतो, म्हणजे गाऊट नव्हे. आकडा थोडा वर आणि झटका कधीच नाही, अशाला औषधही लागत नाही. उलट ऐन झटक्यात आकडा नॉर्मल येऊ शकतो. दोन-चार आठवड्यांनी परत तपासा. आपल्या भागात आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. पंचविशीच्या आतलं पोर हातपाय दुखून रडत असेल तर आधी सिकलसेलची तपासणी करा, पूर्व विदर्भात तर नक्कीच. आणि पावसाळ्यात ताप येऊन एकदम सगळे सांधे धरले तर चिकुनगुनियाचा विचार करा. गाऊट बहुधा एका वेळी एकच सांधा पकडतो. एकच सांधा सुजला, सोबत थंडी वाजून ताप आला, तर सांध्यात पू झालेला असू शकतो. त्याला घरी बर्फ लावत बसू नका, तालुक्याला नाही तर सरळ यवतमाळला न्या.

या आठवड्यात वडिलांना घेऊन जाल तेव्हा क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), युरिक ॲसिड, शुगर आणि लघवी एवढं तपासून घ्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, आणि गेल्या वर्षभरातले झटके कोणत्या महिन्यात आले ते एका कागदावर लिहून न्या. ॲलोप्युरिनॉल सुरू करायची का, हे डॉक्टरांना तुम्हीच विचारा, कारण दुखणं थांबलेलं असलं की तो विषय आपोआप निघत नाही. सकाळी रक्त द्यायला जाताना शुगरसाठी उपाशी राहावं लागेल, पण पाणी प्यायला हरकत नाही. परत आल्यावर घरी वरण-भात असू द्या.